विश्लेषण : लष्करी डॉक्टरांचे संशोधन मोजायचे कशाने?

मैदानी भागातला जवान लडाखला पोहोचला की त्याला लगेच उंचावरच्या चौकीवर धाडले जात नाही. ९ हजार ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, १५ हजार फुटांपर्यंत चार दिवस आणि त्याहून वर जायचे तर आणखी चार दिवस, असे शरीराला विरळ हवेची सवय लावण्याचे टप्पे भारतीय लष्करात ठरलेले आहेत. या वेळापत्रकामागे लष्करी डॉक्टरांचे संशोधन आहे. मात्र ते रोज पाळणारा सुभेदार कुठल्याही शोधनिबंधाचा उल्लेख करत नाही आणि संशोधकांची गुणवत्ता ठरवताना आज मोजले जातात ते प्रामुख्याने असे उल्लेखच. म्हणूनच लष्करी वैद्यकातील संशोधकांना लावली जाणारी मोजपट्टी तपासून पाहायला हवी.

सध्याची मोजपट्टी कोणती?

एखाद्या शोधनिबंधाचा दाखला इतर संशोधकांनी आपल्या निबंधात दिला की त्याला ‘सायटेशन’ म्हणतात. त्यावर आधारलेले सर्वांत प्रचलित माप म्हणजे एच-इंडेक्स. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी ते २००५ मध्ये सुचवले. समजा, एका डॉक्टरचे पाच निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ५०, १२, ६, ४ आणि १ सायटेशन मिळाली. किमान चार सायटेशन असलेले निबंध चार आहेत, म्हणून एच-इंडेक्स चार. दुसऱ्या डॉक्टरचा एकच निबंध असेल आणि त्याला ९०० सायटेशन असतील, तरी त्याचा एच-इंडेक्स एकच राहतो!

दुसरे माप ‘इम्पॅक्ट फॅक्टर’. नियतकालिकाने आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना एका वर्षात सरासरी किती सायटेशन मिळाली, हे त्यातून कळते. म्हणजे ते नियतकालिकाचे माप आहे, लेखकाचे नव्हे. तरीही नेमणूक आणि बढतीच्या वेळी ते लेखकाच्या नावापुढे लावले जाते.

लष्करी वैद्यकाचे वेगळेपण काय?

पहिली अडचण क्षेत्राच्या आकाराची. हृदयरोग किंवा कर्करोगावर जगभर लाखो लोक लिहितात, त्यामुळे दाखले देणारेही लाखो असतात. अतिउंचीवरील आजार, स्फोटातील जखमा, पाणबुडीतील आरोग्य या विषयांवर लिहिणारे मोजके. साहजिकच उत्तम निबंधालाही सायटेशन कमी मिळतात. ‘जगातील आघाडीचे दोन टक्के शास्त्रज्ञ’ ही यादी दरवर्षी गाजते. त्यात १७४ उपविषयांनुसार तुलना होते, पण लष्करी वैद्यक हा स्वतंत्र उपविषय नाही. त्यामुळे लष्करी शल्यचिकित्सकाची तुलना थेट नागरी रुग्णालयातील शल्यचिकित्सकाशी होते.

दुसरी अडचण गोपनीयतेची. कोणत्या तुकडीत किती जवान आजारी पडले, ही माहिती सुरक्षेच्या दृष्टीने संवेदनशील असते. बरेच काम अंतर्गत अहवालातच राहते आणि अहवालाला सायटेशन मिळत नाही. तिसरी अडचण बदल्यांची. एकाच गटातील रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास दर दोन-तीन वर्षांनी ठिकाण बदलणाऱ्या डॉक्टरला कसा झेपणार?

मग प्रभाव दिसतो कुठे?

१९६२च्या युद्धानंतर हिमालयात मोठ्या संख्येने सैनिक तैनात झाले. तिथे झालेल्या आजारपणाचा अभ्यास इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी केला. १,९२५ सैनिकांच्या निरीक्षणांवरील त्यांचा निबंध १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. तो जगभर वाचला गेला, त्याचे दाखलेही दिले गेले. पण या प्रकारच्या अभ्यासाचे खरे मोल उंचावर जाऊन धडधाकट परत येणाऱ्या जवानांमध्ये आहे.

अमेरिकेतील उदाहरण आणखी बोलके आहे. रणांगणावर जखमीला पहिला उपचार कसा द्यावा, याची नवी पद्धत १९९६ मध्ये ‘मिलिटरी मेडिसिन’ या छोट्या वर्तुळातल्या नियतकालिकाच्या पुरवणीत मांडली गेली. हातापायाला आवळून रक्तस्राव थांबवणारा पट्टा, म्हणजे टूर्निके, वापरावा असा तिचा आग्रह होता. त्या काळी अनेक डॉक्टर या पट्ट्याला घाबरत. रेंजर रेजिमेंटने मात्र डॉक्टरांपुरते न थांबता प्रत्येक सैनिकाला हे शिकवले. इराक व अफगाणिस्तानातील त्यांच्या ४१९ जखमींचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ३२ मृत्यूंपैकी रुग्णालयापूर्वीच्या अधिक उपचाराने टळू शकला असता, असा एकही नव्हता. १९९६चा तो निबंध कोणत्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या नियतकालिकात आला होता, हा प्रश्न यापुढे फार किरकोळ ठरतो.

आकडे मोडीतच काढायचे का?

नाही. आकड्यांचा एक मोठा गुण लष्करी व्यवस्थेत विशेष महत्त्वाचा आहे. ते हुद्दा पाहत नाहीत. आकडे काढून टाकले आणि फक्त वरिष्ठांचे मत उरले, तर तरुण मेजरच्या कामापेक्षा ज्येष्ठ अधिकाऱ्याचा शब्द वजनदार ठरेल. पण हाच हुद्दा आकड्यांतही शिरू शकतो. विभागप्रमुख म्हणून प्रत्येक निबंधावर नाव लावून घेण्याचा मोह नागरी महाविद्यालयांतही असतो. जिथे आज्ञापालन हीच शिस्त, तिथे नकार देणे आणखी कठीण. अशा वेळी एच-इंडेक्स वाढतो तो अधिकाराचा, संशोधनाचा नव्हे.

उपाय काय?

जगात यावर बराच विचार झाला आहे. संशोधकाचे मोल नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून ठरवू नये, असे २०१३च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने सांगितले. ब्रिटनने विद्यापीठांच्या मूल्यमापनात समाजावरील प्रत्यक्ष परिणामाला २०१४ मध्ये २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के वजन दिले. संशोधनाने काय बदलले, याची पुराव्यासह हकीकत विद्यापीठाने द्यायची. संवेदनशील भाग झाकून किंवा अप्रकाशित ठेवून ती सादर करण्याची सोयही होती. लष्करी संशोधनाच्या गोपनीयतेवर हा तोडगा सहज लागू पडतो.

भारतात याची सुरुवात पुण्यातून होऊ शकते. १९४८ मध्ये स्थापन झालेले सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय इथेच आहे, सेनादलांचे वैद्यकीय नियतकालिकही इथूनच निघते. मूल्यमापनात चार गोष्टी आणता येतील. निबंधांची संख्या न विचारता संशोधकाला त्याची उत्तम पाच कामे मागावीत. सायटेशनची तुलना त्याच विषयातील, त्याच काळातील निबंधांशी करावी. एखादी उपचारपद्धती किंवा नियमावली त्या कामामुळे बदलली असेल, तर तिला निबंधाइतकेच वजन द्यावे. आणि प्रत्येक लेखकाने नेमके काय केले, हे निबंधात छापणे सक्तीचे करावे.

यासाठी समितीला निबंध प्रत्यक्ष वाचावे लागतील आणि त्याला वेळ लागेल. एक आकडा पाहून निर्णय घेणे सोपे असते, हे खरे. पण मोजपट्टी चुकली की माणसे तिच्याप्रमाणेच काम करू लागतात. ज्यावर भरपूर सायटेशन मिळतात तेच विषय मग निवडले जातील आणि हिमदंश, स्फोटातील जखमा, सीमेवरच्या जवानाचे मानसिक आरोग्य हे विषय मागे पडतील. त्याची किंमत मोजावी लागेल ती चौकीवर उभ्या असलेल्या जवानाला.