सायकल बंद नको, सवय बदला

मुलांनो, कोकणातल्या कितीतरी वाड्या डोंगरउतारावर वसलेल्या आहेत. हायस्कूल मात्र बहुधा बाजारपेठेच्या गावी असते. एसटीच्या फेऱ्या मोजक्याच असतात. अशा ठिकाणी सायकल ही चैनीची वस्तू नसून शाळेत जाण्याचे साधन आहे. तरीही रस्त्यावर एखादा अपघात झाला, की घरात पहिला हुकूम सुटतो, "उद्यापासून सायकल बंद!" मुलगा चार दिवसांनी पुन्हा सायकलवर बसतो. मुलीची सायकल मात्र पडवीत गंजत राहते आणि पुढे कधी कधी तिची शाळाही सुटते. माझ्या मते हा उपाय चुकीचा आहे. सायकल बंद करण्यापेक्षा ती डोंगराळ रस्त्यावर नीट चालवायला शिकले पाहिजे.

घाट म्हटला की आपल्याला भोस्ते, परशुराम, कुंभार्ली असे मोठे घाट आठवतात. पण तुमच्या गावचा अरुंद, नागमोडी रस्ता हाही एक लहानसा घाटच आहे. तिथे मोठा धोका हा, की मोटार चालवणाऱ्याला सायकलस्वार वेळेवर दिसत नाही. म्हणून पहिला नियम असा, की आपण दिसलो पाहिजे.

पुष्कळांना वाटते, की अगदी कडेला चिकटून चालले म्हणजे भीती नाही. हे नेहमीच खरे नसते. रस्ता डावीकडे वळत असेल आणि डाव्या हाताला दरड असेल, तर कडेची सायकल दरडीआड लपते. मागून येणाऱ्याला ती ऐन वेळी दिसते. शिवाय डांबराची कड आणि साईडपट्टी यांत खाच असेल, तर चाक खाली उतरताच तोल जातो. म्हणून डावी बाजू सोडू नका. पण कडेपासून सुमारे दोन हात आत, सरळ रेषेत चला. वळणाआधी घंटी वाजवा. मित्र सोबत असेल, तर गप्पा थांबवून एकामागे एक व्हा.

उतारावर अधिक सावध राहा. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यानंतर थांबायला सुमारे चौपट अंतर लागते. पावसात रिम ओली झाली, की ब्रेक नीट धरत नाही. त्यात रस्त्यावर तांबडा चिखल आणि शेवाळ! म्हणून वेग वळणात नव्हे, वळणाआधीच कमी करा. फक्त पुढचा ब्रेक जोरात दाबू नका. मागचा आधी आणि पुढचा हळूहळू दाबा. उतारावर डबलसीट तर मुळीच नको.

चढणीवर दम लागला, की सायकल वेडीवाकडी जाऊ लागते आणि मागच्या गाडीला अंदाज येत नाही. अशा वेळी उतरून सायकल ढकलण्यात कसला कमीपणा? मागे लाल रिफ्लेक्टर लावा. पावसाळ्यात काळ्या रेनकोटऐवजी पिवळा घ्या. मुलींनी ओढणी आणि बुरख्याचा घोळ नीट आवरून बसावे व सायकलला चेन कव्हर लावून घ्यावे.

सगळा भार सायकलस्वारावरच का, असे तुम्ही विचाराल. प्रश्न योग्य आहे. अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियम आहे. पुढचे दिसत नसेल अशा वळणावर दुसऱ्याला मागे टाकून पुढे जाण्यासही मनाई आहे. हे नियम मोटारवाल्यांनी पाळलेच पाहिजेत. पण त्यांच्या चुकीची किंमत आपल्या हातापायांनी मोजावी लागते, म्हणून आपण शहाणे व्हायचे.

मित्रांनो, येत्या सुट्टीच्या दिवशी अब्बांना किंवा भाईजानना सोबत घेऊन शाळेचा रस्ता एकदा पायी चाला. आंधळी वळणे कोणती, खड्डे कुठे, ब्रेक कुठे लावायचा, हे दोघे मिळून ठरवा. त्यांची काळजी कमी होईल आणि बहिणीची सायकलही पडवीतून बाहेर येईल. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी रिक्षा, जीप किंवा ट्रक चालवू लागेल, तेव्हा समोर चढण चढणारे एखादे शाळकरी मूल दिसले, तर वेग कमी करा आणि त्याला वाट द्या.