कारकुनी आणि पराक्रम

संगणकावरील अद्भुतरम्य खेळांविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गांत दोन मतें आहेत. वडील मंडळी म्हणतात, हे खेळच नसावेत. मुलें म्हणतात, खेळ असावेत, पण त्यांत नायकाच्या पाठीवरील ओझ्याचा हिशेब नसावा. पहिल्या मताचा परामर्श पुष्कळांनीं घेतला आहे. आम्हांस दुसऱ्याचा घ्यावयाचा आहे. कारण तें अधिक घातुक आहे, आणि खेळ रचणारे कित्येकजण तेंच ऐकूं लागले आहेत.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां थोडा खुलासा. अशा खेळांत खेळणारा एका वीराचें सोंग घेऊन गुहा, अरण्यें, ओसाड गड धुंडाळीत फिरतो. वाटेंत तरवारी, चिलखतें, औषधी, मंतरलेल्या आंगठ्या सांपडतात. पण बरोबर किती न्यावें यास मर्यादा असते. १९७४ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळांत हें ओझें सोन्याच्या नाण्यांच्या वजनांत मोजीत. संगणकानें तोच हिशेब पुढें चालविला. २०११ सालच्या ‘स्कायरिम’मध्यें वीरास आरंभीं ३०० मापें वाहतां येतात, आणि ड्रॅगनचें एक हाड १५ मापांचें! मर्यादा ओलांडली कीं धांवणें बंद; रखडत चालावें लागतें.

एका श्रावणांत आम्ही लोणावळ्यास भगिनीच्या घरीं होतों. पाऊस असा कीं तीन दिवस समोरचा डोंगर दिसला नाहीं. भाचा हाच खेळ खेळत होता. त्याचा वीर गुहेच्या तोंडाशीं उभा, आणि हा एकेक वस्तु उचलून पुन्हां खालीं ठेवीत होता. ढाल टाकावी कीं हाडें? अखेर वैतागून तो म्हणाला, “मामा, ही नुसती कारकुनी आहे!” आणि एक गुप्त आज्ञा टंकून त्यानें वीराची पाठ अमर्याद करून टाकली. पुढील अर्ध्या तासांत त्यानें गुहा झाडून नेली. रात्रीं खेळ बंद केला तो पुन्हां उघडला नाहीं. कां, असें विचारलें तेव्हां “मजा येत नाहीं” यापलीकडे त्याला कांहीं सांगतां येईना.

‘कारकुनी’ हा शब्द मात्र आम्हांस बोंचला. ज्या मावळांत बसून तो उच्चारला गेला, तेथील गड या कारकुनीवरच नांदले. रामचंद्रपंत अमात्यांनीं १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रां’तील दुर्गांविषयींचें प्रकरण आमच्या किती पदवीधरांनीं उघडून पाहिलें आहे? त्यांत लढाईचीं वर्णनें नाहींत. दारूचें कोठार घरांपासून दूर असावें. दारूचीं मडकीं तळघरांत माचावर ठेवावीं. सर्दी लागूं देऊं नये. हवालदारानें दर आठपंधरा दिवसांनीं येऊन दारू व बाण बाहेर काढावे, ऊन द्यावें आणि पुन्हां मोहोर करून ठेवावे, अशी ती तपशीलवार ताकीद आहे. मावळांतील चार महिन्यांची ओल ज्यानें अनुभवली आहे त्याला तिचें मोल सांगावयास नको. आमच्या घरांत छत्रीस बुरशी चढते. तेथें बंदुकीच्या दारूची कथा काय? लोहगडाच्या नारायण दरवाज्यापाशीं जें भुयार आहे त्यांत भात आणि नाचणी सांठवीत असें सांगतात. सुरतेची लूट याच गडावर होती असेंही सांगतात. पाहुणे लूट ऐकतात आणि नाचणी विसरतात.

यावर आमचा एक प्राध्यापक मित्र म्हणतो, “कोठारें लढत नाहींत. १८१८ च्या मार्चांत कर्नल प्रॉथरच्या फौजेनें शेजारचा विसापूर घेतला आणि लोहगड न लढतां पडला.” खरें आहे, कोठार लढत नाहीं. परंतु कोठाराशिवाय कोणी लढल्याचेंही आमच्या ऐकिवांत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, अद्भुत कथेंत असल्या मर्यादा हव्यात कशाला? आमचे पूर्वज इतके अरसिक नव्हते. त्यांनीं पांडवांना अक्षयपात्र दिलें, पण द्रौपदीचें जेवण झालें कीं तें त्या दिवसापुरतें रितें. दुर्वासांच्या आगमनाची सारी धास्ती त्या एका अटीवर उभी आहे. अर्जुनाचे भाते अक्षय्य. परंतु मौसलपर्वांत आभीरांपुढें तेही सरतात. आणि कर्ण! एकदांच वापरावयाची वासवी शक्ति त्यानें अर्जुनासाठीं जपून ठेवली आणि ती घटोत्कचावर खर्चावी लागली. आजचीं मुलें खेळ संपेपर्यंत उत्तमोत्तम औषधी ‘पुढें लागतील’ म्हणून सांठवितात आणि शेवटीं त्या तशाच पडून राहतात. कर्णाच्या हातांत अशा दहा शक्ति दिल्या असत्या तर त्या रात्रीच्या युद्धांत उरलें काय असतें?

कांहीं खेळांत हा हिशेब फारच किचकट असतो, चिमुकल्या चित्रांच्या शेंकडों चौकटींत हवी ती बाटली सांपडत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. तो मांडणीचा दोष आहे, मांडणी सुधारावी. पण खतावणी गिचमिड आहे म्हणून जमाखर्चच बुडवावा, हा कोठला न्याय? आणि वडील मंडळींनींही फार हंसूं नये. लोणावळ्यास दोन दिवसांकरितां मोटारींतून येणाऱ्या कुटुंबांचें सामान उतरतांना आम्हीं पाहिलें आहे.

चवथ्या दिवशीं पाऊस ओसरला आणि लोहगडावर जाण्याचें ठरलें. भाच्यानें आपली पाठपिशवी भरली, उचलून पाहिली आणि पलंगावर रिकामी केली. पाण्याची दुसरी बाटली राहिली, दुर्बीण गेली. मग फराळाचा डबा कीं रेनकोट, यावर पाव तास गेला. भगिनी दारांतून हांका मारीत होती. आम्ही बोललों नाहीं. त्यानें रेनकोट अंगांत घातला, डबा पिशवींत कोंबला, आणि आम्ही लोहगडवाडीची वाट धरली.