‘स्वतःच्या जबाबदारीवर’ लिहिले म्हणून राईडचा मालक सुटतो का?

ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किंवा पावसाळ्यातल्या रविवारी मुंबई, मुंब्रा, भिवंडी आणि पुण्यातील कितीतरी कुटुंबे लोणावळ्याची वाट धरतात. तुंगार्लीत भाड्याचा बंगला घ्यायचा, धरणाकडे एक फेरफटका मारायचा आणि मग मुलांचा हट्ट पुरवायचा. कुणाला घोड्यावर बसायचे असते, कुणाला गो-कार्ट हवी असते, तर कुणाला जाड टायरची एटीव्ही. अनेक ठिकाणी तिकिटाच्या खिडकीवर एक फॉर्म पुढे सरकवला जातो. मागे रांग असते, मुले हात ओढत असतात, त्यामुळे न वाचताच सही होते. काही इजा झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही, असे त्यात लिहिलेले असते.

पुढे मूल घोड्यावरून पडते, गाडी उलटते, हात मोडतो, डोक्याला मार लागतो. मालक तोच कागद दाखवतो आणि घरची मंडळी ‘नशिबात होते’ म्हणून गप्प बसतात. तो कागद दिसतो तेवढा पक्का नाही, हे आपल्या कुटुंबांना माहीत असायला हवे, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

मावळ तालुक्याने अलीकडच्या काळात बरेच सोसले आहे. जुलै २०२२ मध्ये लोणावळ्यातील भाड्याच्या बंगल्यात दोन वर्षांचा मुलगा पोहण्याच्या तलावात बुडाला. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात हडपसरच्या एकाच मुस्लिम कुटुंबातील एक महिला आणि चार मुले वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला आणि चौघांचा जीव गेला. भुशीच्या घटनेनंतर मोबाईलवर काय काय फिरले ते आपण सर्वांनी पाहिले. शोक करायचा सोडून लोक त्या कुटुंबालाच दोष देत होते.

या घटना एकाच मापाने मोजता येत नाहीत. धबधबा ही उघडी जागा आहे, तिथे तिकीट नाही. तिथला प्रश्न प्रशासनाचा बंदोबस्त आणि आपली सावधगिरी यांचा आहे. राईडचे पार्क मात्र खासगी धंदा आहे. मालकाने कुंपण घातले, मुलांना आवडेल अशी जाहिरात केली, पैसे घेतले आणि मुलाला स्वतःच्या यंत्रावर किंवा जनावरावर बसवले. पैसे घेताक्षणी जबाबदारीही त्याच्याकडे आली. पट्टा नीट आहे का, हेल्मेट मुलाच्या मापाचे आहे का, घोडा शांत आहे का, ट्रॅकच्या कडेला टायरचा अडथळा आहे का, हे पाहणे त्याचे काम आहे.

ब्रिटनमध्ये यासाठी १९५७ पासून स्वतंत्र कायदा आहे. मुले मोठ्यांपेक्षा कमी काळजी घेणार, हे जागेच्या ताबेदाराने गृहीत धरलेच पाहिजे, असे तो कायदा सांगतो. त्याआधी ग्लासगोच्या सार्वजनिक बागेत सात वर्षांच्या मुलाने विषारी फळे खाल्ली आणि तो दगावला. त्या प्रकरणात तिथल्या पालिकेविरुद्धचा दावा चालण्याजोगा ठरला. मुलांना मोह पडेल अशी धोक्याची वस्तू ठेवायची तर इशारा आणि आडोसा हवाच, हे त्या निकालाचे सार.

भारतात असा वेगळा कायदा नाही, पण हेच तत्त्व न्यायालये वापरतात. २८ मे १९९५ रोजी डलहौसी पब्लिक स्कूलची मुले सहलीत बियास नदीत उतरली आणि १४ विद्यार्थी बुडाले. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश कायम केला. मुले ज्याच्या ताब्यात, काळजी त्याची.

आता त्या सहीकडे वळू. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अल्पवयीन मूल करार करूच शकत नाही. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी प्रकरणात असा करार मुळातच रद्दबातल ठरवला. म्हणजे मुलाने स्वतः केलेल्या सहीला कराराची किंमत नाही. आई-वडिलांच्या सहीचे काय? ज्याच्या हातात सगळे आहे त्याने ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर लादलेली अन्यायकारक अट न्यायालय रद्द करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात सांगितले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ‘अनुचित करार’ ही तरतूद आली. ब्रिटनने तर १९७७ पासूनच, निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी फलक लावून झटकायला बंदी घातली आहे.

तरीही फॉर्म अगदी निरुपयोगी नसतो. राईडमध्ये धक्के बसतात, हे आपल्याला सांगितले होते एवढे त्यातून दिसते. पण धक्का बसणे वेगळे आणि गंजलेला बोल्ट तुटणे वेगळे. आपण राईडचा धोका पत्करला असेल, मालकाचा निष्काळजीपणा पत्करलेला नाही.

पैसे अब्बांनी भरले, इजा मुलाला झाली, मग ग्राहक कोण? दोघेही. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बालक आणि पालक दोघांनाही ग्राहक मानले. बालकाच्या भरपाईशिवाय पालकांच्या मानसिक त्रासाचे पैसेही वेगळे मंजूर केले.

एक मोठी त्रुटी मात्र फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. रस्त्यावर गाडीने धडक दिली तर सक्तीचा विमा असतो आणि मोटार अपघात न्यायाधिकरण असते. पण केवळ बंदिस्त आवारात चालवण्यासाठी बनवलेली खास वाहने मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहेत. म्हणजे त्याच मुलाला कुंपणाबाहेर मोटारसायकलने उडवले तर विमा कंपनी येते आणि कुंपणाच्या आत गो-कार्ट उलटली तर येत नाही. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदाही घातक रसायनांसारख्या पदार्थांपुरता आहे. मालकाने स्वतःहून विमा काढला नसेल, तर भरपाईचा हुकूम मिळूनही वसुली कठीण जाते. यासाठी अशा प्रत्येक राईडला सक्तीचा विमा हवा आणि परवाना देताना त्याची प्रत दर्शनी भागात लावायला लावली पाहिजे.

अहमदाबादच्या कांकरिया परिसरात १४ जुलै २०१९ रोजी पाळणा कोसळून दोघांचा जीव गेला. राजकोटच्या गेम झोनला २५ मे २०२४ रोजी लागलेल्या आगीत मुलांसह २७ जण गेले आणि त्या जागेला अग्निशमन खात्याचा ना-हरकत दाखला नव्हता, हे नंतर उघड झाले. तपासणी दुर्घटनेच्या आधी व्हायला हवी. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले, त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. तिकीट घेण्याआधी ‘नोंदणी दाखवा’ असे विचारायला लाजू नका.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. प्रत्येक अपघात निष्काळजीपणा नसतो, चूक दाखवून द्यावी लागते. वय खोटे सांगून मुलाला बसवले किंवा हेल्मेट काढायला लावले, तर आपला दावा कमजोर होतो. घोडेवाला तर बहुधा हातावर पोट असलेला स्थानिक माणूस असतो. त्याला उद्ध्वस्त करून कुणाचेच भले होणार नाही. विमा असेल तर मुलाचा इलाज होईल आणि त्याची रोजीही टिकेल.

अल्लाह न करो, पण इजा झालीच तर काय करायचे? आधी दवाखाना. तिथे ‘पडला’ एवढेच न सांगता कुठल्या राईडवर आणि कसे झाले ते कागदावर लिहून घ्या. तिकीट, मोबाईलवरून भरलेल्या पैशांची नोंद आणि फॉर्मचा फोटो ठेवा. पट्टा, घोड्याचे खोगीर, ट्रॅक, फलक यांचे फोटो त्याच दिवशी काढा. सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवा, असे व्यवस्थापनाला लेखी कळवा. उशीर झाला तर ते पुसले जाते. पोलिसांत तक्रार लोणावळ्यातच द्यायला हवी असे नाही, गुन्हा दखलपात्र असेल तर घराजवळच्या ठाण्यातही नोंदवता येतो. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने इजा करण्यासाठी कलम १२५, यंत्राबाबतच्या हलगर्जीसाठी २८९ आणि जनावराबाबतच्या हलगर्जीसाठी २९१ आहे.

दहा-वीस हजार हातावर ठेवून ‘आता तक्रार नाही’ असे लिहून घेणारे भेटतात. मुलाचा इलाज किती दिवस चालेल हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत सही करू नका. ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील सक्तीचा नाही आणि राईडच्या तिकिटाएवढ्या व्यवहाराला फीही लागत नाही. सल्ल्यासाठी ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. महिला आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० वर फोन करा किंवा तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीत जा.

आपल्याकडे अनेक घरे ‘कोर्ट-कचेरी नको’ म्हणून मागे हटतात. तकदीरवर ईमान असणे आणि हक्काचा हिशेब मागणे यांत काही विरोध नाही. ज्याच्या हलगर्जीने दुसऱ्याचे नुकसान झाले त्याने ते भरून द्यावे, हे आपल्या घराघरांत शिकवले जाते. आपण तक्रार केली नाही तर तोच ढिला पट्टा पुढच्या रविवारी दुसऱ्या मुलाच्या कमरेला बांधला जाईल. म्हणून या वेळी सहलीला निघताना बिर्याणीच्या डब्याबरोबर हे नंबरही मोबाईलमध्ये ठेवा, आणि खिडकीवरचा फॉर्म आधी वाचा.