मंद गतीचें दुखणें

मोटार वेगांत असतां ठणठणीत आणि उभी राहिली कीं धापा टाकणारी, अशी तक्रार जुन्या गाड्यांविषयीं नेहमीं ऐकूं येते. या खेपेस तें दुखणें आमच्याच दारीं आलें. तेव्हां त्याचीच हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

आमच्या घरीं एक जुनी मारुति व्हॅन आहे. १९८४ सालीं बाजारांत आलेली ही गाडी पुढें ओम्नी या नांवानें घरोघर झाली आणि २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें. इंजिन पुढच्या बैठकीखालीं, ७९६ घनसेंटिमीटरचें. सिलिंडर अवघे तीन. आमची गाडी कार्बुरेटरच्या काळांतली. मातोश्रींस डायलिसिससाठीं आठवड्यांतून दोनदां मोहोळाहून सोलापुरास न्यावें लागतें. हमरस्त्यावर गाडीची कांहीं कुरकुर नसे. पण शहरांत शिरून पहिल्या सिग्नलपाशीं थांबलों कीं सारा सांगाडा थरथरूं लागे, आणि दोनदां तर ती भर चौकांत बंद पडली. परततांना मातोश्री अगदीं गळून गेलेल्या. मागें भोंग्यांचा गिल्ला. आणि आम्ही किल्ली फिरवीत बसलेले! "मी आपली एस्.टी.नेंच येत जाईन रे," असें त्या एके दिवशीं म्हणाल्या, तेव्हां मात्र आम्हांस स्वस्थ बसवेना.

पहिल्या कारागिरानें इंजिनाचा मंद वेग ठरविणारा स्क्रू पिळून वेग वाढवून दिला. थरथर थांबली, पेट्रोल मात्र अधिक जाऊं लागलें, आणि पंधरा दिवसांत दुखणें पुन्हां हजर! मग त्यानें निकाल दिला, "काका, कार्बुरेटरच नवा टाका."

खर्च करण्यापूर्वीं आम्हीं, एस्.टी.च्या आगारांत हयात घालविलेले एक वृद्ध मेकॅनिक गांवांत आहेत, त्यांस गाठलें. ते म्हणाले, "तिघांतला आजारी कोण, तें आधीं पाहूं."

यांतील मर्म असें कीं, इंजिन मंद चालतें तेव्हां तें मिनिटास सुमारें ९०० फेरे घेतें, आणि प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदां पेट घेतो. म्हणजे तिघांचे मिळून सेकंदास बावीसएक धक्के. त्यांतला एक गडी बसला कीं तिसरा हिस्सा शक्ति गेली, आणि गाडी लंगडूं लागली. वेगांत चाकाचा जोर ती उणीव झांकून नेतो.

मामांनीं इंजिन तापूं दिलें, हातांत जाड रबरी मोजा चढविला आणि प्लगांवरील टोप्या एकेक करून क्षणभर उचलल्या. पहिली उचलतांच इंजिन खचलें, दुसरीसहि तेंच. तिसरी उचलली, तर इंजिनाला पत्ताच नाहीं! "हा बसून खातोय," मामा म्हणाले. त्यांनीं तिसऱ्याचा प्लग पहिल्यांत व पहिल्याचा तिसऱ्यांत घातला. दोष तिसऱ्यांतच राहिला. नवी तार लावली, तरी तेंच. दाब मोजला, तो तिन्ही सिलिंडरांचा जवळजवळ सारखा. प्लग, तार आणि व्हॉल्व्ह असे तिन्ही संशयित याप्रमाणें सुटले. आतां कार्बुरेटर म्हणावा, तर तो एकच असून तिघांनाहि वाढतो. वाढपीच चुकला असता तर तिघेहि उपाशी राहिले असते. एकच उपाशी, तेव्हां चोर त्याच्याच ताटाजवळ असला पाहिजे. हा तर्क आम्हांस फार आवडला. पहिल्या कारागिरास तो सुचला नाहीं याचें कारण एवढेंच कीं, त्यानें इंजिनाला कांहीं विचारलेंच नव्हतें.

मंद गतींत कार्बुरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. त्यामुळें मॅनिफोल्डांत, म्हणजे सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळांत, हवेची ओढ फार जोराची होते. कोठें बारीक फट असली कीं तींतून फुकटची हवा आंत शिरते आणि मिश्रण पातळ होऊन पेटत नाहीं. झडप उघडली कीं ती चोरटी हवा एकंदर हवेच्या मानानें क्षुल्लक ठरते.

मामांनीं पिचकारीनें सांध्यासांध्यांवर पाण्याचे थेंब सोडले. (कोणी यासाठीं पेट्रोल वापरतात, तापल्या इंजिनावर तें आगीस आमंत्रण होय, तें कदापि करूं नये.) तिसऱ्या सिलिंडराजवळ थेंब पडतांच ते आंत ओढले गेले आणि इंजिनाचा सूर बदलला. पूर्वीं गाडीस गॅसची जोडणी होती. ती काढतांना नळाच्या मोकळ्या तोंडावर कोणीं रबरी टोपी बसविली होती. ती सोलापुरी उन्हानें व इंजिनाच्या आंचेनें तडकली होती. दोष कारखान्याचा नव्हे, कार्बुरेटरचाहि नव्हे. नवी टोपी वीस रुपयांस आली.

पिळलेला स्क्रू मामांनीं परत मागें घेतला. तें करणें अवश्य होतें, कारण धुराची तपासणी मंद गतींतच होते आणि न पेटलेलें पेट्रोल तेथें लपत नाहीं.

पुढच्या खेपेस सोलापुरांत सिग्नलपाशीं थांबलों, तों मातोश्रींनीं विचारलें, "बंद पडली का रे पुन्हां?" गाडी चालूच होती.

मामांनीं जातांना पेट्रोलची नळीहि बदलावयास सांगितली आहे. पंपावर आतां वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें, आणि जुन्या रबरास तें मानवत नाहीं. आमच्या शिवारांतल्या उसाचाच हा प्रताप, तेव्हां तक्रार कोणाकडे करणार! नळी आणली आहे. येत्या रविवारीं बसवूं.