यात्रेच्या गाडीतली शेगडी

दिवाळीचा फराळ संपत आला की महाराष्ट्रातल्या घराघरांतून दक्षिणेच्या यात्रेचे बेत शिजू लागतात. रामेश्वर, मदुराई, कन्याकुमारी अशी वाट धरलेली मंडळी तंजावरला एक मुक्काम ठेवतातच. राजराज चोळाने बांधलेले, १०१० साली पूर्ण झालेले बृहदीश्वराचे मंदिर पाहायचे, त्याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले कुळाचा मराठी लेख बोटाने चाचपत वाचायचा, सरस्वती महाल ग्रंथालयात डोकवायचे, की मन कसे भरून येते!

दोन-चार कुटुंबे मिळून मिनीबस ठरवतात. कुणी घरगुती आचारी सोबत घेतो. गाडीच्या मागच्या भागात डाळ-तांदूळ, पातेली, शेगडी आणि गॅसचा सिलिंडर चढतो. दुपारी इडली-सांबार चालून जाते, पण सकाळचा आल्याचा चहा आणि रात्रीचे पिठलं-भात आपल्याच चवीचे हवे असतात. त्यात गैर काही नाही. मात्र घरच्या ओट्यावर वर्षानुवर्षे शहाण्यासारखी वागणारी शेगडी गाडीच्या पत्र्याआड तशीच वागेल, असे समजणे महागात पडू शकते.

आणखी एक गोष्ट यात्रेकरूंच्या ध्यानात नसते. आपल्याकडे दिवाळीनंतर आकाश निरभ्र होते, पण तंजावरच्या बाजूला ऑक्टोबर ते डिसेंबर हाच भर पावसाचा काळ. ईशान्येकडून येणारा मोसमी पाऊस कधी कोसळेल, सांगता येत नाही. बाहेर झाडाखाली मांडलेली शेगडी पाऊस येताच कुणीतरी उचलून गाडीत घेतो, दारे-खिडक्या ओढून घेतल्या जातात आणि धोका नेमका तिथे सुरू होतो.

तीन घटना

२६ ऑगस्ट २०२३. लखनौहून यात्रेकरूंना घेऊन निघालेला रेल्वेचा एक खास डबा मदुराई स्थानकाजवळ उभा होता. पहाटे डब्यात चहा-फराळाची तयारी सुरू झाली. नियम मोडून आत आणलेल्या सिलिंडरमुळे आग भडकली आणि नऊ जणांचा बळी गेला. डबा चालत नव्हता, उभा होता. तरीही बाहेर पडायला सर्वांना वेळ मिळाला नाही.

जानेवारी २०२०. केरळमधले काही पर्यटक नेपाळमधील दामन येथे उतरले होते. कडाक्याच्या थंडीमुळे एका खोलीत गॅसचा हीटर लावून, दारे-खिडक्या बंद करून आठ जण झोपले. त्यात चार मुले होती. सकाळी कुणीच उठले नाही.

डिसेंबर २०२४. केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत आढळले. गाडीतल्या जनरेटरचा विषारी वायू तळातल्या छिद्रातून आत शिरला होता, असे तज्ज्ञांच्या तपासणीत दिसून आले.

एका ठिकाणी आग, दुसऱ्या ठिकाणी हीटर, तिसऱ्या ठिकाणी इंजिन. पण तिन्ही घटनांत बंद जागा आणि त्या जागेत जळणारे इंधन या दोन गोष्टी समान आहेत.

गाडीत गॅस वेगळा का वागतो?

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो छताकडे न जाता खाली उतरतो आणि पाण्यासारखा जमिनीलगत साचतो. घरात त्याला दाराखालच्या फटीतून, मोरीतून थोडी तरी वाट मिळते. गाडीचा तळ मात्र परातीसारखा असतो. बाकांखाली, सामानामागे गॅस साचून राहतो. हवेत त्याचे प्रमाण अवघे दोन टक्के झाले तरी एक ठिणगी स्फोटाला पुरते.

दुसरे कारण धक्क्यांचे. शेकडो किलोमीटरच्या प्रवासात गाडी सतत थरथरते. रेग्युलेटर सैलावतो, नळी कशाला तरी घासते, पकड ढिली पडते. काल रात्री ठाकठीक असलेली जोडणी आज सकाळी तशीच असेल, याची खात्री नसते.

तिसरे कारण सिलिंडर ठेवण्याच्या पद्धतीचे. जागा वाचवण्यासाठी तो आडवा टाकला जातो. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. उभ्या सिलिंडरमधून वरचा वायू बाहेर येतो, आडव्यातून द्रवच नळीत शिरू शकतो. हा द्रव वायूत बदलताना सुमारे अडीचशे पट पसरतो. अशा वेळी शेगडीतून ज्योत नव्हे, भडका निघतो.

ज्योत काय सांगते?

शेगडी बिघडली की बहुतेक जण आधी काडेपेटी उचलतात. खरे तर आधी कान, नाक आणि डोळे वापरावेत.

ज्योत लागतच नसेल तर प्रथम सिलिंडर रिकामा आहे का ते पाहावे. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या कड्याजवळ लिहिलेले असते. वजनकाटा नसेल तर ओल्या फडक्याने सिलिंडर पुसावा. द्रव जिथवर आहे तिथवरचा भाग उशिरा वाळतो. गॅस शिल्लक असूनही शेगडी पेटत नसेल तर रेग्युलेटर नीट बसला आहे का, सामानाखाली नळी दबली आहे का, हे तपासावे. शेवटचा संशय जेटवर घ्यावा. बरेच दिवस माळ्यावर पडून असलेल्या शेगडीच्या जेटमध्ये कोळी किंवा गांधीलमाशी घर करते. ते साफ करताना जाड सुई खुपसू नये. भोक मोठे झाले की गॅस जास्त सुटतो आणि नवाच बिघाड जन्माला येतो.

ज्योत पिवळी असेल, पातेल्याची बुडे काळी होत असतील तर गॅसला पुरेशी हवा मिळत नाही, असे समजावे. बर्नरची भोके उतू गेलेल्या दुधाने, भाताच्या पेजेने बुजलेली असतात. बर्नर गार झाल्यावर साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून बसवावा. पिवळ्या ज्योतीकडे मात्र कधीही दुर्लक्ष करू नये. अर्धवट जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे. यात्रेत ती ‘गाडी लागली’ म्हणून सोडून दिली जातात. एकाच गाडीतल्या तिघा-चौघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर गोळी शोधत बसू नये, आधी सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

ज्योत बर्नरपासून उचलली जात असेल, फुरफुर आवाज करत असेल तर गॅसचा दाब जास्त आहे. घरगुती रेग्युलेटर गॅसचा दाब अगदी कमी, म्हणजे ३० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा ठेवतो. आचाऱ्यांच्या मोठ्या भट्टीचा रेग्युलेटर याहून कितीतरी जास्त दाब सोडतो. तो घरगुती शेगडीला जोडण्याचा ‘जुगाड’ कदापि करू नये.

ज्योत वाऱ्याने विझत असेल तर धोका दुप्पट. साध्या शेगडीला ज्योत विझल्याचे कळत नाही. गॅस येतच राहतो. अशा वेळी लगेच दुसरी काडी ओढू नये. बटण बंद करावे, जमलेला गॅस निघून जाईपर्यंत थांबावे आणि मगच पुन्हा पेटवावी.

परदेशातल्या गाड्या

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही सुट्टीत गाडीमागे जोडायचे फिरते घर भाड्याने घेतात. तिकडे थंडी असल्यामुळे या घरांत गॅसवर चालणारी भट्टी असते. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. आधी पंखा सुरू होतो, वारा पुरेसा वाहतो आहे असे एका छोट्या पट्टीला जाणवले तरच गॅसची झडप उघडते, आणि ज्योत न लागल्यास झडप आपोआप मिटते. जळलेला धूर वेगळ्या नळीने थेट बाहेर जातो.

जुन्या गाडीत पंखा फिरतो, पण ज्योत लागत नाही, अशी तक्रार वारंवार येते. लोक सिलिंडरला दोष देतात. पुष्कळदा दोष असतो उतरलेल्या बॅटरीचा. पंखा मंद फिरतो, पट्टी हलत नाही आणि भट्टी शहाणपणाने गॅस सोडत नाही. म्हणजे हा बिघाड नसून ती राखणच असते! तार जोडून ही राखण टाळणे म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्याला घरी पाठवणे होय. तसेच भट्टीतला गंजलेला पत्रा चिरला, तर बाहेर जाणारा धूर झोपायच्या जागेत येतो. म्हणून तिथल्या फिरत्या घरांत कार्बन मोनॉक्साइड ओळखून घंटा वाजवणारे यंत्र बसवलेले असते. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपल्याकडे अशी गाडी भाड्याने घेणाऱ्यांनीही हे यंत्र आहे का आणि चालू आहे का, हे आधी विचारावे.

वास आला तर

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळतात. वास येताच सिलिंडर बंद करावा, सर्वांना खाली उतरवावे, दारे उघडावीत. दिवा, पंखा, इंजिन, मोबाइल यांतले काहीही चालू किंवा बंद करू नये. दूर गेल्यावर १९०६ या तातडीच्या क्रमांकावर कळवावे. गळती कुठे आहे हे शोधण्यासाठी साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले की जागा सापडते. काडी पेटवून पाहण्याची ‘परीक्षा’ अनेकांची शेवटची परीक्षा ठरली आहे. नळी आयएसआय चिन्हाची, आत तारेची जाळी असलेली घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी.

मग चहा कुठे करायचा?

सरळ उत्तर आहे: माणसे बसतात त्या गाडीत सिलिंडर नकोच. रेल्वेत तर तो नेणे गुन्हाच आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाकघर वापरू देतील का, हे जागा ठरवतानाच विचारून घ्यावे. मोठ्या सहलीत स्वयंपाकाची गाडी वेगळी असावी आणि तिथेही शेगडी जमिनीवर, उघड्यावर मांडावी.

उघड्यावर म्हणजे झावळ्यांच्या आडोशाला नव्हे. याची आठवण तंजावर जिल्ह्याइतकी कुणाला नसेल. ७ जून १९९७ रोजी बृहदीश्वर मंदिरातील कुंभाभिषेकाच्या सोहळ्यात यज्ञमंडपाच्या झावळ्यांनी पेट घेतला आणि आगीत व चेंगराचेंगरीत चाळीसहून अधिक भाविक दगावले. १६ जुलै २००४ रोजी याच जिल्ह्यातील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराने वर्गांपर्यंत पोहोचवली आणि ९४ मुले गेली.

तेव्हा पाऊस आला तर शेगडी उचलून गाडीत नेऊ नका, ती विझवा. सिलिंडर बंद करा आणि जवळच्या हॉटेलात शिरा. तिथे पितळी डबरा-टंबलरमध्ये फेसाळती कॉफी मिळेल. आल्याचा चहा एक दिवस राहिला तर काही बिघडत नाही. यात्रेला निघालेली सगळी माणसे घरी परत येणे, हेच यात्रेचे खरे पुण्य!