नंबर सांगू नका, पाय मोजून घ्या

दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "कितीचा नंबर?" आपण सात नाहीतर आठ असं ठोकून देतो. तो आकडा बहुतेकदा कॉलेजच्या दिवसांत कळलेला असतो आणि त्यानंतर पाय कुणी मोजलेलाच नसतो. माझी कळकळीची विनंती आहे, पुढची चप्पल किंवा बूट घेण्याआधी घरातल्या प्रत्येकाचा पाय मोजा. नुसती लांबी नको, रुंदी आणि उंचीही मोजा.

आपल्याकडे रुळलेले नंबर इंग्रजी पद्धतीचे आहेत. ते एक तृतीयांश इंचाने, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरने पुढे सरकतात आणि सांगतात फक्त लांबी. चवडा किती रुंद, पावलाचा चढ किती, टाच निमुळती की भरदार, यातलं काहीच त्या आकड्यावरून कळत नाही. बूट फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, बेततात. तो फर्मा अरुंद पायांसाठी घडवलेला असेल, तर लांबी तंतोतंत जुळूनही बूट चावतो.

आपले पाय कसे आहेत, हे आता मोजून पाहिलं गेलं आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय त्रिमितीय स्कॅनरने मोजले. भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या पायांपेक्षा रुंद असतात, असं त्यातून दिसलं. त्या आधारावर 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. तिच्यात वय आणि स्त्री-पुरुष पाहून आठ गट केले आहेत.

रुंदीत बसत नाही म्हणून आपण काय करतो? एक नंबर मोठा घेतो. मग पुढे पोकळी राहते, टाच निसटते आणि चालताना बोटं आखडून बूट धरून ठेवावा लागतो. अरुंद बूट तसाच रेटला तर करंगळीवर भोवरी होते, अंगठ्याच्या मुळाशी असलेला हाडाचा उंचवटा दुखू लागतो. यात पायाचा काहीच दोष नसतो.

स्कॅनरवर मोजणं सोपं आहे. काचेवर उभं राहायचं, कडेने लेझर किंवा कॅमेरे पाऊल टिपतात, आणि काही सेकंदांत संगणकावर पावलाचा हुबेहूब आकार उभा राहतो. जवळ अशी सोय असेल तर जरूर मोजून घ्या. नसेल तर कागद, पेन्सिल आणि शिंप्याकडे असते तशी टेप पुरते.

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडा फुगलेला असतो. भिंतीला लागून फरशीवर कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ उभे राहा. बसून घेतलेलं माप फसवतं. उभं राहिल्यावर पायाची कमान दबते, पाऊल लांबतं आणि पसरतं. रेघ दुसऱ्या कुणाला तरी काढू द्या, स्वतः वाकलात की भार हलतो. पेन्सिल अगदी उभी धरायची. टाचेपासून सगळ्यांत लांब बोटापर्यंत मोजा, ते बोट अंगठाच असेल असं नाही. मग अंगठा आणि करंगळी यांच्या मुळांवरून चवड्याभोवती टेपचा एक वेढा घ्या. दुसरा वेढा कमानीखालून, पाऊल घोट्याकडे चढतं त्या उंचवट्यावरून. दोन्ही पाय मोजा, कारण ते बहुधा सारखे नसतात, आणि खरेदी मोठ्या पायाच्या मापाने करा.

तो कागद घेऊन दुकानात जा. बुटातला आतला तळ सुटा होत असेल तर बाहेर काढून त्यावर उभे राहा. पाय कडेबाहेर गेला तर बूट अरुंद आहे. बोटांपुढे साधारण सेंटिमीटरभर जागा हवी. "वापरून सैल होईल" यावर विसंबू नका. पायाचं माप घेऊन पायताण करून देणारा कारागीर जवळ असेल, तर त्याच्याकडे अवश्य जा.

मुलांच्या बाबतीत जास्त दक्ष राहा. चर्म संशोधन संस्थेच्या त्या पाहणीत मुलींच्या पायाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमाराला आणि मुलांची पंधरा-सोळाव्या वर्षी शिगेला पोचलेली दिसली. त्या वयात दर तीन-चार महिन्यांनी मोजा. जूनमध्ये घेतलेले शाळेचे बूट दिवाळीनंतर पुन्हा तपासा. शिक्षकांनो, उंची आणि वजन मोजता त्याच दिवशी पायही मोजा. मोठेपणीही पाय बदलतात. बाळंतपणानंतर अनेक स्त्रियांचे पाय थोडे लांबतात, वय वाढेल तसे सगळ्यांचेच पसरतात. तेव्हा लग्नाआधीचा नंबर आयुष्यभर धरून बसू नका.

सगळ्यांत मोठी काळजी मधुमेह असलेल्यांची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे सुमारे दहा कोटी रुग्ण आहेत. मधुमेहात पायाची जाणीव कमी होत जाऊ शकते, मग बूट चावला तरी दुखत नाही. साधा फोड चिघळून बोट किंवा पाय कापायची वेळ येऊ शकते. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना पाय दाखवा. ते तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवून जाणीव शाबूत आहे का ते पाहतात. चप्पल त्यांना विचारूनच घ्या आणि रोज रात्री तळवे तपासा, स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांना दाखवा.

या रविवारी घरातल्या सगळ्यांची मापं तारखेसह वहीत लिहून ठेवा. दुकानात रुंद माप आवर्जून मागा, मिळालं नाही तर न घेता परत या. गिऱ्हाइकं मागू लागली की दुकानदार ठेवतील, आणि दुकानदार मागू लागले की कारखाने आपल्या पायांचे फर्मे करतील.