चोरून घ्यायची गोळी



विषय थोडा अडचणीचा आहे, म्हणून आडपडदा न ठेवता सुरुवातीलाच सांगून टाकतो. हे टिपण लिंगाला पुरेशी ताठरता न येणे, प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, आणि या दोहोंवर घेतल्या जाणाऱ्या गोळ्या यांबद्दल आहे. ‘आपल्या लोकांत’ असले विषय काढणे ज्यांना अप्रशस्त वाटते, त्यांच्यासाठीच तो मुद्दाम काढला आहे. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, बावीस वर्षे नेदरलँड्समध्ये राहतो आणि प्रोस्टेटसाठी रोज टॅमसुलोसिन घेतो. रक्तदाबाची गोळी घेतो हे आपण चारचौघांत सहज सांगतो ना? मग हेही तितक्याच सहज सांगता आले पाहिजे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. या गोळ्या डॉक्टरांना विचारून घेतल्या तर बहुतेक पुरुषांना त्यांचा धोका फारसा नाही. चोरून घेतल्या तर त्याच गोळ्या जिवावर बेतू शकतात. आणि त्या चोरून घ्यायला लावणारी लाज कोणा अडाणी माणसाने नव्हे, तर तुमच्याआमच्यासारख्या उच्चशिक्षित, विवेकवादी म्हणवणाऱ्या मंडळींनी जपून ठेवली आहे.

‘युरोपात असे कोण करतो?’ असे म्हणणाऱ्यांनी गटाराकडे पाहावे! अक्षरशः. आरआयव्हीएम या डच सरकारी आरोग्यसंस्थेतील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅम्स्टरडॅम, आइंडहोवन आणि उट्रेख्त या तीन शहरांच्या सांडपाण्यात सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातले औषध, किती आहे ते मोजले. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचा हिशेब त्याच्याशी ताडून पाहिला. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आला: सांडपाण्यातल्या सिल्डेनाफिलपैकी किमान ६० टक्क्यांचा प्रिस्क्रिप्शनशी मेळ बसत नव्हता. माणसे चारचौघांत खोटे बोलतात, सांडपाणी बोलत नाही. या आकड्यात मराठी किती, डच किती हे कोणी मोजलेले नाही. पण ही तीन शहरे आपल्या चांगल्याच ओळखीची आहेत, एवढे मात्र खरे.

या चोरट्या बाजारात युरोपभर सर्वांत गाजलेले नाव कोणते? कामाग्रा. हा अजंता फार्मा या कंपनीचा ब्रँड. कंपनी मुंबईची आणि तिचे कारखाने पैठणलाही आहेत. नाथांच्या पैठणला! हा ब्रँड भारतात आणि इतर काही देशांत रीतसर विकला जातो. युरोपीय संघात त्याला परवानगी नाही, त्यामुळे इथे त्या नावाने जे पाकीट मिळते ते खरोखर त्या कारखान्यातून आले की कोणाच्या तळघरातून, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

आपल्या लोकांना मात्र इंटरनेटवरच्या विक्रेत्याचीही गरज पडत नाही. आपल्याकडे पुण्याचा मेव्हणा असतो. सिल्डेनाफिल, टॅडालाफिल ही औषधे भारतातही कायद्याने प्रिस्क्रिप्शनशिवाय देता येत नाहीत. पण कोपऱ्यावरचा मेडिकलवाला चिठ्ठी मागतो का, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग ती स्ट्रिप लोणच्याच्या बरणीशेजारी बसून शिफोलला उतरते आणि सॉक्सच्या खणात जाते. हाउसआर्ट्सला पत्ता नाही, अपोतेकला पत्ता नाही, आणि पुष्कळदा बायकोलाही पत्ता नाही.

यात बिघडते काय, ते नीट समजून घेऊ.

ताठरता येण्यासाठी लिंगातल्या रक्तवाहिन्या सैल व्हाव्या लागतात. शरीरात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू त्यासाठी एक रासायनिक संदेश निर्माण करतो, आणि एक विकर तो संदेश पुसून टाकते. सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल हे पुसणे थांबवते. आता हृदयविकारावरची नायट्रेट गटातली औषधे घ्या: सॉर्बिट्रेट किंवा नायट्रोग्लिसरिनचा फवारा. ती तोच संदेश मोठ्या प्रमाणात निर्माण करतात. एकाने नळ सोडायचा आणि दुसऱ्याने मोरीला बोळा लावायचा, असा हा प्रकार. साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, आणि माणूस दगावू शकतो. म्हणून सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टॅडालाफिल घेतल्यावर किमान ४८ तास नायट्रेट द्यायचे नसते.

आता आपल्या घरांत डोकावून पाहा. छातीत दुखले की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची, हे मराठी मध्यमवर्गात घरोघरी ठाऊक आहे. तीन महिन्यांसाठी आलेल्या आजोबांच्या खिशात ती असतेच. समजा, शनिवारी रात्री घरातल्या पन्नाशीच्या माणसाच्या छातीत कळ आली. घाबरलेले वडील आपली गोळी पुढे करतात. किंवा बायको ११२ फिरवते, अ‍ॅम्ब्युलन्सवाले येतात, आणि कोणती औषधे चालू आहेत म्हणून विचारतात. ती खरेच सांगते, ‘फक्त रक्तदाबाची.’ तिला ठाऊकच नाही! ही माहिती जीव वाचवणारी आहे, आणि ती सॉक्सच्या खणात आहे. लाजेची किंमत म्हणतात ती ही.

प्रोस्टेटची कथा इतकी नाट्यमय नाही, पण अशीच. पन्नाशीनंतर ही ग्रंथी बहुतेकांची वाढते. धार बारीक होते, रात्री तीनदा उठावे लागते. त्यावर टॅमसुलोसिनसारखी औषधे तिथले स्नायू सैल करतात. ती रक्तदाबही थोडा उतरवू शकतात. त्यात गुपचूप सिल्डेनाफिलची भर पडली, की माणूस उठता-उठता भोवळ येऊन बाथरूममध्ये आडवा होतो. दोन्ही औषधे एकत्र देता येत नाहीत असे नाही. पहिल्यावर तब्येत स्थिर झाल्यावर दुसरे कमी मात्रेत सुरू करतात. टॅडालाफिल तर रोज ५ मिलिग्रॅम या मात्रेत दोन्ही तक्रारींवर चालते. पण हा हिशेब तुमची सगळी औषधे ज्याला माहीत आहेत त्याने करायचा असतो.

आणखी काही गोष्टी, ज्या मेडिकलवाला कधी सांगत नाही. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ही औषधे ग्रंथीचा आकार कमी करतात. त्यांचा गुण यायला काही महिने लागतात, आणि त्यांनी कामेच्छा व ताठरता कमी होऊ शकते. मग त्यावर आणखी एक चोरटी गोळी सुरू होते! शिवाय सहा महिन्यांनंतर रक्तातले पीएसए या औषधांमुळे साधारण निम्मे दिसते. डॉक्टरला हे माहीत नसेल तर कर्करोगाची शंका यावी असा आकडा ‘नॉर्मल’ म्हणून सुटून जाईल. टॅमसुलोसिन घेणाऱ्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी नेत्रतज्ज्ञाला ते सांगायलाच हवे, कारण या औषधाने शस्त्रक्रियेच्या वेळी बुबुळाचा पडदा ढिला पडून घोटाळा होतो. डोळ्याचे ऑपरेशन भारतात उरकून येणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. आणि सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन किंवा क्लोरफेनिरामिन असते, त्यांनी प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी पार अडू शकते.

इथल्या अपोतेकच्या संगणकात तुमच्या औषधांची यादी असते. दोन औषधांचे एकमेकांशी पटत नसेल तर तिथे इशारा येतो. ही यंत्रणा चांगली आहे, पण तिला मेव्हण्याची स्ट्रिप दिसत नाही. आपणच तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि वर औषधांच्या ‘साइड इफेक्ट’विषयी तक्रार करायची, हा कुठला न्याय?

आता नेहमीचे आक्षेप.

‘डच डॉक्टर पॅरासिटामॉलशिवाय काही देत नाहीत.’ हा विनोद मीही पुष्कळ पार्ट्यांत ऐकला आहे. पण या तक्रारीसाठी गेलेल्या माणसाला ते हाकलून देतात असा माझा अनुभव नाही. दहा मिनिटांच्या भेटीत विषयाला हात घालायला आपल्यालाच नऊ मिनिटे लागतात, त्याला ते काय करणार? हाउसआर्ट्सची भेट ‘आयखन रिसिको’त धरली जात नाही. ताठरतेच्या गोळ्यांचे पैसे मूळ विमा देत नाही, हे खरे. पण युरोपात सिल्डेनाफिलचे पेटंट २०१३ साली आणि टॅडालाफिलचे २०१७ साली संपले, त्यामुळे जेनेरिक गोळी आता काही चैनीची वस्तू राहिलेली नाही.

‘भारतीय गोळी म्हणजे वाईट, हा गोऱ्यांचा कांगावा आहे.’ असे मी म्हणतच नाही. भारतात तयार झालेल्या जेनेरिक गोळ्या इथल्या अपोतेकमध्ये राजरोस मिळतात. भांडण देशाशी नाही. गोळी कारखान्यातून तुमच्या हातात येईपर्यंत कोणी तपासली, आणि तुम्हाला ती चालेल का हे कोणी पाहिले, एवढाच प्रश्न आहे.

‘मग आयुर्वेदिक घेऊ, ते तर नैसर्गिक!’ सिंगापूरमध्ये २००८ सालच्या पहिल्या पाच महिन्यांत मधुमेह नसलेले १५० रुग्ण रक्तातली साखर धोकादायकरीत्या घसरल्याने सरकारी रुग्णालयांत दाखल झाले. सात जण बेशुद्धीतून बाहेर आले नाहीत, त्यांतले चार दगावले. कामशक्तीच्या नावाखाली विकल्या गेलेल्या बनावट सिआलिसमध्ये आणि ‘वनौषधीं’मध्ये मधुमेहावरचे ग्लिबेनक्लामाइड निघाले. आणि १५० पैकी असे काही घेतल्याचे कबूल किती जणांनी केले? ४५! डॉक्टर जीव वाचवायला धडपडत असतानाही बाकीच्यांचे तोंड उघडले नाही. २०२२ साली अमेरिकेच्या एफडीएने ‘शक्तिवर्धक’ मध विकणाऱ्या चार कंपन्यांना तंबी दिली. त्या मधात लेबलवर न लिहिलेले सिल्डेनाफिल आणि टॅडालाफिल सापडले होते. मधमाश्या हे करत नाहीत. भारतात तर कामशक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी ‘गुप्तरोगा’च्या जाहिरातींनी रंगलेल्या भिंती लोकलच्या खिडकीतून आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या भिंतींना आपण हसायचो. सॉक्सचा खण ही त्याच भिंतीची सुशिक्षित आवृत्ती आहे.

‘ही खासगी बाब आहे.’ खासगी जरूर आहे. पण खासगी आणि गुप्त यांत फरक आहे. डॉक्टरच्या खोलीत बोललेले खासगीच राहते. शिवाय ताठरता कमी होणे ही पुष्कळदा नुसती शयनगृहातली अडचण नसते. लिंगातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे त्या आधी तुंबतात. हृदयविकाराची किंवा मधुमेहाची ती काही वर्षे आधी मिळालेली सूचना असू शकते, आणि आपल्या वंशाच्या लोकांत हे दोन्ही विकार लवकर येतात. गोळी चोरून घेणारा माणूस ती सूचना न वाचताच फाडून टाकतो.

आपण र. धों. कर्व्यांचे नाव मोठ्या अभिमानाने घेतो. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली. त्यापायी खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. आपण ज्या देशात राहतो तिथे अलेटा याकोब्स यांनी त्याच्याही आधी, १८८२ साली, अ‍ॅम्स्टरडॅममध्ये असेच केंद्र सुरू केले होते. या दोन परंपरांचा वारसा सांगणाऱ्यांना हाउसआर्ट्ससमोर एक वाक्य उच्चारता येऊ नये? ‘ध्यासपर्व’ला टाळ्या वाजवणे सोपे आहे हो!

तेव्हा करायचे काय? मागण्या साध्या आहेत. हाउसआर्ट्सची वेळ घ्या. फोनवर कारण विचारले तर ‘खासगी’ म्हणा, तेवढे पुरते. औषधांची पूर्ण यादी द्या, भारतातून आणलेल्या गोळ्या, चूर्णे, काढे सगळे धरून. ब्रँडचे नाव इथे कोणाला कळत नाही. स्ट्रिपवरचे मूळ औषधाचे नाव सांगा, कारण भारतात एकाच गोळीत टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड दोन्ही असू शकतात. आई-वडील येणार असतील तर त्यांचीही यादी विमानात बसण्यापूर्वी मागवा. नायट्रेट चालू असेल तर ताठरतेच्या गोळीचे नावही काढू नका. लघवी अडली, लघवीतून रक्त आले, ताठरता चार तासांनंतरही उतरली नाही, किंवा एकाएकी दिसेनासे वा ऐकू येईनासे झाले, तर सोमवारची वाट पाहू नका. छातीत दुखले तर ११२ ला फोन करा, आणि गोळी घेतली असेल तर ते सर्वांत आधी सांगा. आणि घरात निदान एका माणसाला हे सगळे माहीत असू द्या.

मतभेद असतील तर जरूर लिहा, मी वाद घालायला तयार आहे. पण त्याआधी सॉक्सचा खण उघडून त्यातली यादी अपोतेकला देऊन या.